अंदमानला जा, बाराटांग राहू द्या

पत्र: आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. फेब्रुवारीत सासू-सासऱ्यांना घेऊन अंदमानला जायचं ह्यांनी ठरवलंय. एजंटनं सात रात्रींचा कार्यक्रम पाठवलाय. पोर्ट ब्लेअर, रॉस, हॅवलॉक, नील, बाराटांग, सगळं त्यात आहे. सासऱ्यांना सावरकरांची कोठडी बघायची आहे, कितीतरी वर्षांपासून म्हणतायत. आमची लेक त्याच मुक्कामात दोन वर्षांची होईल, वाढदिवस समुद्रावर करू असं हे म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्याशा पोरीला समुद्राचं वारं बाधेल, दोन वर्षं थांबा. नणंद म्हणते, तिला काही आठवणारसुद्धा नाही, मग एवढा खर्च कशाला. मला जायचं आहे. पण घरी दिवसभर जे करते तेच तिथं खाऱ्या हवेत करायचं असेल, तर ती सुट्टी नेमकी कुणाची? आणि बेटावर ती आजारी पडली तर?
— एक आई, इंदूर

ताई, जा. दोन वर्षं थांबा असं मी सांगणार नाही, आणि त्याचं पहिलं कारण तुमचे सासरे आहेत. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाला आहे. तिथवर जिने चढून जावं लागतं. आज त्यांचे गुडघे साथ देतायत, तर आजच जायला हवं. नणंदबाईंचं म्हणणं खरं आहे, लेकीला यातलं काही आठवणार नाही. पण ही सहल तिच्या आठवणींसाठी नाहीच. ती तुम्हा चौघांची आहे आणि लेक तुमच्याबरोबर येते आहे. तिला 'सगळं दाखवायचं' हे ओझं डोक्यावरून उतरवलंत की निम्मी दगदग इंदूरलाच संपेल.

मात्र एजंटचा कार्यक्रम जसाच्या तसा घेऊन जाऊ नका. तो मोठ्या माणसांसाठी केलेला आहे आणि त्यात लेकीची झोप कुठंच धरलेली नाही.

आधी तिथल्या दिवसाबद्दल सांगते, कारण लहान मुलाच्या घरानं सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते तिथं. घड्याळ आपलंच, पण अंदमान खूप पूर्वेला आहे. इंदूर ७६ अंश रेखांशाच्या आसपास, तर पोर्ट ब्लेअर जवळजवळ ९३ वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा तासाहून अधिक पुढे धावतो. फेब्रुवारीत इंदूरला सातच्या सुमारास सूर्य दिसतो. तिथं तो सहाच्या आतच वर आलेला असतो, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मावळतोदेखील. डोक्यावर येतो तो साडेअकराला. म्हणजे 'दहा ते चार ऊन टाळा' हे आपलं इथलं गणित तिथं 'नऊ ते तीन' असं होतं. सावकाश उठून, नाश्ता करून, सगळ्यांच्या अंघोळी आटोपून साडेनऊ-दहाला किनाऱ्यावर पोचायचं, ही आपली नेहमीची पद्धत तिथं लेकीला नेमकी सगळ्यात वाईट उन्हात नेऊन बसवेल.

तेव्हा दिवस असा ठेवा. लेक उजेडाबरोबर लवकर उठेलच, तिला उठू द्या. दूध पाजलं की सहा-सव्वासहाला वाळूवर. अंघोळ नको, नाश्ता नको, रात्रीच्याच कपड्यांवर चला. त्या वेळी वाळू पायाला गार लागते, गर्दी नसते, ऊन तिरपं असतं. साडेआठला परत, मग अंघोळ, खाणं, खोलीत खेळ. साडेअकरा-बाराला जेवून झोप. साडेतीनला पुन्हा बाहेर, अंधार पडायच्या आत खोलीवर, साडेसहाला जेवण आणि साडेसातला झोप. मधले ते सात तास खोलीतच. त्यांना वाया गेले म्हणू नका. खोली निवडताना म्हणूनच समुद्र दिसतो का यापेक्षा पडदे जाड आहेत का, बाहेर सावलीचा ओटा आहे का, दुपारी वीज गेली तर जनरेटर आहे का, हे विचारा. हॉटेलवाल्याला फोनवर हे तीन प्रश्न तुम्ही स्वतः विचारा, एजंटकडे सोपवू नका.

दुसरी गोष्ट घामाची. फेब्रुवारीत आपल्याकडे हवा कोरडी, रात्री चांगल्या गार. तिथं दिवसा तिशीच्या पुढे, रात्रीसुद्धा पारा बावीस-तेवीसच्या खाली क्वचित उतरतो, आणि हवेत दमटपणा भरलेला. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. लहान मुलाचं अंग लवकर तापतं आणि त्याला ते सांगता येत नाही. अशा हवेची शरीराला सवय व्हायला आठवडा-पंधरवडा लागतो, तोवर तुम्ही परत इंदूरला असाल. म्हणून सवय होईल या भरवशावर राहू नका, कामच कमी ठेवा. कपडे पातळ सुती आणि ढगळ. दुपारी दोन-तीन तास डायपर काढून नुसत्या सुती चड्डीवर ठेवा, गादीखाली प्लास्टिक घाला. डायपरमुळे अंग ओलं राहिलं की तिथली त्वचा दोन दिवसांत लाल होते. घामोळं आलं तर साध्या पाण्यानं अंग पुसून कोरडं करा. पावडरीचा थर देऊ नका, ती श्वासात जाते. एसी सव्वीसच्या आसपास राहू द्या.

सासूबाईंची काळजी हसण्यावारी नेऊ नका, कारण त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. वारं बाधणार नाही. बाधेल ते ऊन, डास आणि पाणी. त्यांना असंच सांगा, आणि त्यातलं एक काम त्यांच्या हाती द्या. तांदूळ आणि मूगडाळ भाजून, भरड दळून, जिरं-हिंग घालून केलेलं खिचडीचं पीठ, शिवाय मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व. हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही. छोटी इलेक्ट्रिक किटली न्या, गरम पाणी ओतलं की खोलीतच जेवण तयार. बाहेरही अडचण नाही. तिथं बंगाली आणि तमिळ कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहतात, त्यामुळे इडली, डोसा, वरणभात सहज मिळतो. लेक पोह्यांवर वाढलेली आहे, तर पातळ पोहेही बरोबर असू द्या. दुधाचं मात्र आधीच बघा. बेटावर ताज्या दुधाचा भरवसा धरू नका. टेट्रापॅकचं दूध तिला आवडतं का, हे घरीच महिनाभर आधी देऊन पाहा. नेमकं तिथं जाऊन तिनं तोंड फिरवलं तर पंचाईत.

आता कार्यक्रमातून काय काढायचं ते. सगळ्यात आधी बाराटांग काढा. चुनखडीच्या गुहा सुंदर आहेत, मी नाकारत नाही. पण पोर्ट ब्लेअरहून पहाटे, खरं तर मध्यरात्रीनंतरच निघावं लागतं, जिरकाटांगच्या चौकीवर रांग लावायची, तिथून गाड्यांचा ताफा पोलिसांसोबत जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. त्या पट्ट्यात गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचे नाहीत. लेकीला ओकारी झाली, डायपर भरलं, तरी थांबता येणार नाही. पुढे फेरी, मग छोटी बोट, मग उन्हात चालणं, आणि तोच रस्ता परत. शिवाय तो रस्ता जारवांच्या घरातून जातो, आणि बाहेरच्या माणसांकडून आलेल्या गोवरासारख्या आजारांनी त्यांना आधी त्रास झालेला आहे. सर्दी-खोकल्याच्या वयाचं मूल घेऊन तिकडे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नीलही सोडा. नीलचा भरतपूर किनारा उथळ आहे, लहान मुलांसाठी गोड आहे, आणि एखादी मैत्रीण 'आधी तिथंच जा' म्हणेल. पण प्रत्येक नवी खोली म्हणजे लेकीची एक रात्र बिघडणार, आणि तिची बिघडली की तुमचीही. त्यापेक्षा दोन रात्री पोर्ट ब्लेअर, चार हॅवलॉक, शेवटची एक परत पोर्ट ब्लेअर, असं धरा. शेवटची रात्र मुद्दाम ठेवलीय. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. फेब्रुवारीत हे क्वचित घडतं, पण विमानाच्या दिवशी सकाळी बेटावरून निघायची जोखीम मूल बरोबर असताना घेऊ नये. तिकिटांवर नावं नवी दिसतील म्हणून सांगते. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम.

पोचल्या संध्याकाळी एजंटनं जेलचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम लावलाय, तो त्या दिवशी अजिबात नको. विमान बदलून आलेली मुलगी अंधारात, मोठ्या आवाजात रडेल आणि सासऱ्यांचंही लक्ष लागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जेल उघडायच्या वेळेला जा. जेलच्या मूळ सात लांबट इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. ज्या कोठडीत सावरकर होते तिथं सासऱ्यांना निवांत उभं राहू द्या. १९११ ला ते तिथं आले आणि १९२१ पर्यंत तिथं होते. थोरले बंधू बाबारावही त्याच जेलमध्ये होते, आणि कितीतरी दिवस दोघा भावांना एकमेकांची गाठ नव्हती. त्या जागी मागून 'चला, ही रडतेय' अशी हाक येऊ नये. तेव्हा सासरे, सासूबाई आणि तुम्ही वर जा. हे लेकीला घेऊन खाली आवारात, सावलीत थांबतील. बाबागाडी नेऊ नका, जिन्यांवर आणि वाळूत तिचा उपयोग नाही. पुढे बांधायची कॅरियर बॅग हवी. तुम्ही खाली आलात की हे वर जातील. संध्याकाळी सासरे आणि हे ध्वनि-प्रकाशाला जातील, लेक, तुम्ही आणि सासूबाई खोलीवर.

हे मी मुद्दाम इतकं नावानिशी लिहिलं. ती सुट्टी कुणाची, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर समुद्रावर गेल्यावर सापडत नाही. आपल्या घरांत सगळे म्हणतात, 'आम्ही आहोत ना, बघू तिच्याकडे'. कुणी वाईट मनानं म्हणत नाही. पण सगळे बघणार म्हटलं की भरवायला, धुवायला, रात्री उठायला आईच उरते. शिवाय पाण्याच्या कडेला 'सगळे बघतायत' ही फार धोक्याची गोष्ट आहे, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. तेव्हा निघण्याआधी, इंदूरला, जेवणाच्या टेबलाशी बसून ठरवा. सकाळी सहा ते साडेआठ लेक बाबांची. त्या वेळात फोन खोलीत. दुपारची झोप तुमची. साडेतीन ते पाच आजी-आजोबा सावलीत तिच्याशी खेळतील, पाण्यात मात्र आई किंवा बाबाच नेतील. रात्री उठायची पाळी एकाआड एक. आणि हॅवलॉकला एक अख्खी सकाळ तुमची एकटीची. एलिफंट बीचवर बोटीनं जाऊन पाण्यात तोंड घालून पोवळी बघा, नाहीतर नुसत्या झोपून राहा. दुसऱ्या सकाळी हे जातील. 'आपण सगळे मिळून जाऊ' या आग्रहाला बळी पडू नका. तिथं दोन वर्षांच्या मुलीला करण्यासारखं काही नाही. ह्यांच्याशी बोलताना तक्रारीच्या सुरात सुरुवात नको, कार्यक्रमाचा कागद पुढे ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे विचारा, 'या वेळी ती कुणाकडे?' उत्तर त्यांनाच लिहू द्या.

याची तालीम जानेवारीत करता येईल. एक रात्र महेश्वरला राहून या. दोन-अडीच तासांचा रस्ता, अनोळखी खोली, समोर नर्मदा. लेक नव्या जागी झोपते का, रात्री खरंच कोण उठतं, घाटावर तिचा हात कोण धरून ठेवतं, हे सगळं एका रात्रीत दिसेल. जे जमलं नाही ते बदलायला महिना हाताशी राहील.

पाण्याबद्दल एवढंच, पण हे अगदी घट्ट धरा. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं आणि बुडताना ओरडत नाही. हात लांब केला की ती हाती आली पाहिजे, त्याहून दूर नाही. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर पोहण्यासाठी आखलेल्या जागेतच राहा. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ मगरींच्या सूचनेच्या पाट्या असतात, त्या गांभीर्यानं घ्या. तिथल्याच विजयनगर किनाऱ्याच्या बाजूला ओहोटीत पाणी लांब आत जातं आणि खडक उघडे पडतात. डबकी तिला फार आवडतील, पण पायात रबरी बूट हवेतच. नारळाच्या झाडाखाली चादर पसरू नका. आणि लेक शंख-शिंपले गोळा करील, खेळू द्या, निघताना तिथंच ठेवून या. पोवळी आणि कित्येक शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, विमानतळावर सामानातून काढून घेतात.

ती आजारी पडली तर? निघायच्या महिनाभर आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. राहिलेल्या लसी, मलेरियाबद्दल काय करायचं, आणि तापाच्या औषधाचा तिच्या वजनाप्रमाणे डोस, हे कागदावर लिहून घ्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, मलेरियाचा रात्री, म्हणून डासांचं क्रीम दोन्ही वेळा लागेल. तिच्या वयाला कुठलं चालेल ते डॉक्टरांनाच विचारा. लिंबू-निलगिरीच्या तेलाचं 'नैसर्गिक' म्हणून मिळतं ते तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. हाताच्या पंजांना काहीच लावू नका, ते तोंडात जातात. आधी उन्हाचं क्रीम, ते मुरलं की मग डासांचं. सासूबाई खोबरेल लावतील, मायेनं लावू द्या, पण उन्हापासून ते वाचवत नाही. किनाऱ्यावर तिन्हीसांजेला बारीक वाळूमाश्या चावतात, दिसत नाहीत पण दोन-दोन दिवस खाज सुटते. तेव्हा लांब पायजमा घाला आणि ओल्या वाळूवर नुसतं बसवू नका.

जुलाब झाले तर ओआरएस. एक लिटर पाण्याचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवा, अर्धं पाकीट अंदाजानं घालू नका, आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, बघून घ्या. फळांच्या चवीची गोड पेयं त्याच्या जागी चालत नाहीत. सहा-आठ तास शू झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, तोंड कोरडं, मूल मलूल, असं काही दिसलं तर वाट बघायची नाही. हॅवलॉकला सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठं काही असलं तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत रुग्णालय. पोचल्यावर पहिल्याच दिवशी हॉटेलवाल्याकडून केंद्राचा रस्ता आणि रात्री मिळणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर घेऊन ठेवा.

इंदूरहून जाताना विमान बदलावं लागेल, तेव्हा मधला थांबा दोन तासांहून कमी नको. उतरताना तिचे कान दुखतील. त्या वेळी झोपलेली असली तरी जागी करा आणि घोट घोट पाणी किंवा दूध द्या. बेटाकडे जाणाऱ्या खाजगी बोटी बंद आणि फार गार असतात, तिचं एक स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. लहान मुलाचं लाइफ जॅकेट आहे का, हे चढतानाच विचारा.

शेवटी वाढदिवसाचं. समुद्रावरच करा, पण संध्याकाळी केक नको. त्या वेळेला ती पेंगुळलेली असेल आणि वाळूमाश्याही असतील. सकाळी सातला, आजीनं केलेल्या शिऱ्यावर ओवाळा. आणि तिकिटाचं आजच बघा. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच मूल मांडीवर बसून जातं. तुमची लेक जाताना दोनच्या आत असेल, येताना दोन पूर्ण झालेली असेल, म्हणजे परतीला तिला स्वतःची सीट आणि तिकीट लागणार. वयासाठी जन्मदाखला किंवा बाल आधार दोन्ही वेळा जवळ ठेवा. एजंटनं दिलेल्या दरात ती दोन्हीकडे मांडीवरच धरलेली आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.